हॅमिल्टनकर

परवा आमचे चिरंजीव विद्यापीठाचा अर्ज भरत बसले होते. मध्येच म्हणाले, "बाबा, आडनावातलं निदान 'कर' तरी काढून टाकू या का?" कारण एवढंच, की हजेरी घेताना आमच्या नावापाशी आलं की बाई अडखळतात. आम्ही चिडलो नाही (म्हणजे थोडे चिडलोच), आणि विषय काढला तो आपल्या शहराच्या नावाचा.

हॅमिल्टन म्हणजे केवढं खानदानी नाव! स्कॉटलंडच्या सरदारांत ड्यूक ऑफ हॅमिल्टन पहिल्या मानाचे. ड्यूकपद १६४३ सालचं. पण मुळाशी गेलं तर हे नाव इंग्लंडातल्या एका गावाचं असल्याचं सांगतात. जुन्या इंग्रजीत 'हॅमेल' म्हणजे छाटलेला आणि 'डून' म्हणजे टेकडी, असा त्याचा एक अर्थ लावतात. म्हणजे ड्यूकसाहेबही आपल्यासारखेच, अमुक गावचे 'कर'! पुढे घराण्याला स्कॉटलंडात कॅडझोची जहागीर मिळाली आणि १४४५ साली त्या गावाचंच नाव हॅमिल्टन झालं. गावावरून आडनाव, आडनावावरून पुन्हा गाव. आपल्याकडे मंगेशीवरून दीनानाथांनी मंगेशकर हे नाव लावलं, पण मंगेशीचं नाव कुणी बदललं नाही.

आपलं हॅमिल्टन मात्र ड्यूकांचं नव्हे, जॉर्ज हॅमिल्टन ह्या व्यापाऱ्याचं. १८१२ च्या युद्धानंतर त्याने इथे जमीन घेतली आणि सरळ प्लॉट पाडले. (हा धंदा आपल्याला अगदीच अपरिचित नाही.) गंमत अशी, की शहरामागे नायगाराच्या कड्याची जी शंभरेक मीटरची भिंत आहे, तिचाही माथा छाटल्यासारखा सपाट! इथली मंडळी तिला 'माउंटन' म्हणतात. सह्याद्री चढलेल्या माणसाने गप्प राहावं.

आणि सगळीच नावं काही गावांची नसतात. देशमुख, कुलकर्णी ही हुद्द्यांची. स्टुअर्ट राजघराण्याचं नावसुद्धा 'स्टुअर्ड' म्हणजे कारभारी ह्या हुद्द्यावरून आलेलं.

चिरंजीवांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपलं गाव कसं आहे?"

इथे आमची गाडी अडली. गाव आम्ही एकदाच पाहिलेलं, सहावीत असताना, कुलदैवताला गेलो होतो तेव्हा. देवळापुढचा पार आठवतो, ओढा आठवतो. पुढे काही सांगता येईना.

अर्ज 'कर'सकट गेला. डिसेंबरच्या तिकिटांची चौकशी चालू आहे.