स्पर्शाचे शिक्षण

म्हैसूरचा दसरा सर्वत्र प्रसिद्ध आहे. विजयादशमीच्या दिवशी सुमारे ७५० किलो वजनाची सुवर्ण अंबारी पाठीवर घेऊन हत्ती राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत जवळजवळ पाच किलोमीटर चालतो. भोवती अफाट गर्दी असते, वाद्यांचा गजर असतो. अरण्यातील छावणीत राहणारा हा प्राणी हे सारे कसे सहन करतो? याचे उत्तर आधीच्या काही आठवड्यांच्या सरावात आहे. हत्तींना मिरवणुकीच्या मार्गावरून चालवले जाते. पाठीवर वाळूची पोती ठेवून भार क्रमाक्रमाने वाढवला जातो, नंतर लाकडी अंबारी चढवली जाते. तोफांच्या आवाजाचीही त्यांना आधीच सवय करून दिली जाते.

बलाढ्य हत्तीच्या बाबतीत माणूस जो धीर दाखवतो, तो घरातील कुत्र्याच्या बाबतीत मात्र पुष्कळदा विसरतो. कुत्र्याचे केस विंचरायचे असोत वा नखे कापायची असोत, दोघांनी त्याला घट्ट धरायचे आणि काम उरकायचे, अशी आपली रीत असते. कुत्रा धडपडतो, गुरगुरतो, कधी चावतोही. मग 'हा अंगाला हात लावू देत नाही' असे म्हणून त्याची निगा राखणेच सोडून दिले जाते.

ही उपेक्षा कुत्र्याला महाग पडते. न विंचरलेल्या लांब केसांच्या जटा होतात. त्या कातडी ओढतात आणि त्यांच्याखाली ओल राहून जखमा होतात. गोचिडी रक्त शोषतात आणि आजारही पसरवतात. पुढच्या पायाच्या आतील बाजूचे नख जमिनीला टेकत नसल्याने झिजत नाही. ते वाकडे वाढून कधीकधी मांसात रुतते. अशा वेदनेमुळे कुत्रा स्पर्शाला अधिकच घाबरतो.

म्हणून प्रथम विरोधाचे कारण शोधावे. कान दुखत असेल, सांधे आखडले असतील किंवा कातडीला जखम असेल, तर कुत्रा हात लावू देणार नाही. पूर्वी शांत असलेला कुत्रा अचानक चिडू लागला, तर आधी पशुवैद्यांना दाखवावे. दुसरे कारण बालपणात असते. पिल्लू साधारण तीन ते बारा आठवड्यांचे असताना त्याला माणसाच्या हाताची सवय सहज लागते. त्या काळात हा अनुभव न मिळालेल्या, रस्त्यावरून घरी आणलेल्या कुत्र्याला पुढे अधिक वेळ द्यावा लागतो.

भीती घालवण्याचा मार्ग मानसशास्त्राने दाखविला आहे. अमेरिकेतील मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने १९२४ साली पीटर नावाच्या लहान मुलावरील प्रयोग प्रसिद्ध केला. पीटर सशाला घाबरत असे. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा दूर ठेवण्यात आला आणि हळूहळू जवळ आणण्यात आला. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. भीतीची वस्तू अल्प प्रमाणात आणि सुखद अनुभवासोबत आली, की भीती ओसरते.

हेच तत्त्व घरी वापरता येते. पहिल्या दिवशी कुत्र्याच्या खांद्याला क्षणभर हात लावावा आणि लगेच खाऊ द्यावा. तो निवांत राहू लागला, की हात पायापर्यंत न्यावा. नंतर पंजा हातात धरावा. नख कापण्याचे साधन आधी नुसते दाखवावे, मग नखाला टेकवावे आणि पुढे कधीतरी एकच नख कापावे. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, म्हणून केवळ टोक कापावे. अंघोळीपूर्वी केस विंचरून घ्यावेत, कारण भिजलेला गुंता अधिक घट्ट होतो. घट्ट जटा कात्रीने कापू नयेत. त्यात कातडी सापडण्याचा धोका असतो.

कुत्रा बोलत नाही, पण सांगतो. ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, तोंड फिरवणे, शेपटी पायांत घेणे या त्याच्या सूचना होत. त्या दिसताच थांबावे. गुरगुरण्याबद्दल त्याला कधीही मारू नये. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, पण त्याची भीती जात नाही. पुढच्या वेळी तो इशारा न देताच चावण्याची शक्यता असते.

चावा किरकोळ मानू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न करता दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. कुत्र्यालाही नियमित लस टोचावी. काम तातडीचे असेल आणि कुत्रा आवरत नसेल, तर पशुवैद्यांची मदत घ्यावी. आवश्यक वाटल्यास ते गुंगीचे औषध देऊन काम करतात. माणसाची औषधे मात्र त्याला देऊ नयेत.

हत्तीच्या पाठीवरचे ओझे ही माणसाची गरज आहे. कुत्र्याची निगा ही त्याची स्वतःची गरज आहे. परंतु हे त्याला शब्दांनी पटवून देता येत नाही. ते आपल्या हातांनीच पटवावे लागते. आज एकच नख कापले गेले, तरी चालेल. उद्या तोच कुत्रा न घाबरता जवळ आला, तर आजचे काम पूर्ण झाले असे समजावे.