स्वयंपाकघरात सापडलेले पंचकोन

पावसाची झड लागली आहे, शाळेला सुटी आहे आणि घरात बसून कंटाळा आला आहे. अशा वेळी पायाखालच्या फरशीकडे तुम्ही कधी निरखून पाहिले आहे का? बहुतेक घरांत ती चौकोनी असते. क्वचित षट्कोनी फरशीही आढळते. पण पंचकोनी फरशी घातलेली खोली सहसा पाहायला मिळत नाही. असे का बरे? या प्रश्नाने अमेरिकेतील एका गृहिणीला असे झपाटले की, तिने घरबसल्या गणितात मोलाची भर घातली. तिची हकीगत सांगण्यापूर्वी प्रश्न नीट समजून घेऊ या.

फरशी बसवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. दोन फरश्यांत फट राहता कामा नये आणि एकीवर दुसरी चढता कामा नये. म्हणजेच जेथे फरश्यांचे कोपरे एकत्र येतात, तेथील सर्व कोनांची बेरीज बरोबर ३६० अंश भरली पाहिजे. चौरसाचा कोन ९० अंशांचा. असे चार कोन ठेवले की झाले. समभुज त्रिकोणाचे सहा कोन आणि सम षट्कोनाचे तीन कोन असेच चपखल बसतात. पण सम पंचकोनाचा कोन असतो १०८ अंशांचा. तीन पंचकोन ठेवले तर ३२४ अंश होतात आणि ३६ अंशांची फट उरते. चौथा तिथे मावत नाही!

पण सगळेच पंचकोन सम नसतात. एक प्रयोग करा. पुठ्ठ्यावर ४ सेंटिमीटर बाजूचा चौरस काढा. त्याच्या वरच्या बाजूच्या मधोमध २ सेंटिमीटर उंचीवर एक बिंदू घेऊन छप्पर काढा. झाला घराच्या आकाराचा पंचकोन! असे दहा-बारा पंचकोन कापा. दोन घरांचे तळ एकमेकांना जोडले की एक लांबट षट्कोन तयार होतो. हे षट्कोन एकमेकांत अलगद बसतात. छपराच्या टोकाशी कोनमापक धरून पाहा : ९० अधिक १३५ अधिक १३५, म्हणजे पुरते ३६०!

मग असे किती प्रकारचे पंचकोन फरशीसाठी चालतील? (ज्यांचा एकही कोपरा आत वळलेला नाही, असेच पंचकोन येथे धरायचे.) जर्मन गणिती कार्ल राइनहार्ट यांनी १९१८ साली पाच प्रकार शोधले. १९६८ साली रिचर्ड कर्शनर यांनी आणखी तीन शोधले आणि आता यादी पूर्ण झाली असे जाहीर केले. जुलै १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात ही हकीगत लिहिली. ती वाचून रिचर्ड जेम्स या वाचकाने नववा प्रकार शोधून पाठवला. यादी अपुरीच होती तर!

सान डिएगो शहरात राहणाऱ्या मार्जोरी राइस यांच्या घरीही हे मासिक मुलासाठी येत असे. राइसबाई पाच मुलांची आई. शिक्षण माध्यमिक शाळेपर्यंतचे. पण त्यांना वाटले, एक प्रकार निसटला, तर आणखीही निसटले असतील. घरकामातून सवड मिळाली की स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरून त्या आकृत्या काढू लागल्या. कोणी आले की कागद झाकून ठेवत. गणिताची रूढ चिन्हे ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःची चिन्हे तयार केली. पंचकोनाचे कोणते कोन एका बिंदूपाशी येऊ शकतील, कोणत्या बाजू समान असाव्या लागतील, याची त्यांनी पद्धतशीर तपासणी चालवली. १९७६ च्या आरंभी चार बाजू समान असलेला एक नवा पंचकोन त्यांच्या हाती लागला!

त्यांनी तो गार्डनर यांना कळवला. गार्डनर यांनी ते पत्र डोरिस शाटश्नायडर या गणिताच्या प्राध्यापिकेकडे पाठवले. ती अनोखी चिन्हे पाहून त्या प्रथम बुचकळ्यात पडल्या; पण तपासल्यावर शोध खरा ठरला. १९७७ अखेर राइसबाईंनी आणखी तीन प्रकार शोधले. शिवाय या जाळ्यांवर त्यांनी एकमेकांत गुंतलेली फुले आणि मधमाश्या रंगवून सुरेख चित्रे काढली. गणित आणि कला अशी एकाच ओट्यावर नांदली. वॉशिंग्टनमधील अमेरिकन गणित संघटनेच्या कार्यालयात त्यांच्या एका नमुन्याची फरशी बसवण्यात आली.

पुढे १९८५ साली चौदावा आणि २०१५ साली संगणकाच्या मदतीने पंधरावा प्रकार सापडला. २०१७ साली मिकाएल राओ या फ्रेंच गणितज्ञाने, प्रकार पंधराच आहेत, याची संगणकाच्या साहाय्याने सिद्धता मांडली. त्याच वर्षी राइसबाईंचे निधन झाले.

राइसबाईंसारखे आणखीही कोणी आहेत. इंग्लंडमधील डेव्हिड स्मिथ हे छपाईच्या कामातून निवृत्त झालेले गृहस्थ. घरी पुठ्ठ्याचे तुकडे जुळवताना त्यांना तेरा बाजूंचा एक चमत्कारिक आकार सापडला. त्याने कितीही मोठी जमीन झाकता येते, पण जुळणीची तीच ती पुनरावृत्ती कधीच होत नाही! तीन जाणकारांच्या साथीने २०२३ साली त्यांनी तो जगापुढे मांडला.

या दोघांजवळ ना प्रयोगशाळा होती, ना पदवीचे पाठबळ. होता एक प्रश्न, थोडी सवड आणि न कंटाळता पुन्हा पुन्हा करून पाहण्याची चिकाटी. तज्ज्ञांनी 'यादी पूर्ण' म्हटले, तरी तपासून पाहण्याची मोकळीक सर्वांनाच असते. मात्र सापडलेले जाणकारांकडून पारखून घ्यावे लागते.

तर मित्रांनो, आता कात्री आणि पुठ्ठा घ्या. वेडावाकडा कसलाही चौकोन कापा आणि त्याच मापाचे आणखी वीस तयार करा. ते फट न ठेवता जुळवता येतील का? चौकोनाच्या चार कोनांची बेरीज किती, एवढे आठवा आणि बसा कामाला!