वाघाडने दाखवलेली वाट

मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे मिळतात, त्या नाशिकच्या द्वारका चौकात शहराची वाढ डोळ्यांना दिसते. २०१३ मध्ये महामार्गावर उड्डाणपूल झाला, लांबची वाहने वरून जाऊ लागली. खालची कोंडी मात्र सुटली नाही. १९९१ मध्ये शहराची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या घरात होती. २०११ च्या जनगणनेत ती १४ लाख ८६ हजार भरली.

पाण्याची गोष्ट याहून बिकट. गंगापूर धरणाची मूळ क्षमता सुमारे ७,२०० दशलक्ष घनफूट. गाळ साचून ती ५,६३० वर आली. म्हणून मुकणे धरणातून शहराजवळच्या विल्होळीपर्यंत जलवाहिनी टाकावी लागली. पण तेही गोदावरी खोऱ्याचेच पाणी, आणि खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणालाही त्यात वाटा हवा असतो.

वाढत्या लोकसंख्येला साधने पुरतील का, ही चिंता जुनीच. वाढत्या तोंडांना अन्न पुरणार नाही, असा इशारा अर्थतज्ज्ञ माल्थसने १७९८ मध्ये दिला होता. कृत्रिम नत्रखत आणि सुधारित बियाण्यांनी तो आजवर खोटा ठरवला. आता लोकसंख्यावाढही मंदावते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार, २०८० च्या दशकात जगाची लोकसंख्या सुमारे १,०३० कोटींवर पोहोचून मग उतरू लागेल. महाराष्ट्रात तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एका स्त्रीमागे मुलांचे प्रमाण १.७ इतके खाली आले होते. संततिनियमनाच्या साधनांइतकाच मुलींच्या शिक्षणाचाही यात वाटा आहे.

तरीही पाण्याची टंचाई संपत नाही, कारण वाचवलेले पाणी शिल्लक राहत नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत वेलींच्या ओळींतून ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्या, लॅटरल, पसरलेल्या दिसतात. प्रत्येक वेलीच्या बुंध्याशी ड्रीपरमधून थेंब थेंब पाणी पडते. आजूबाजूची जमीन कोरडीच राहते. पाटपाण्याच्या तुलनेत बचत मोठी होते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकरभर बाग उभी राहिली, तर विहिरीवरचा ताण तसाच राहतो.

याच दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पाने वेगळी वाट दाखवली. कालव्याच्या शेवटाला, टेलला, पाणी पोहोचत नव्हते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये, भरत कावळे आणि सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. संस्थेला पाणी घनमापनाने, मोजून मिळू लागले. पीक कोणते घ्यायचे, हे शेतकऱ्यांनीच ठरवायचे. ठरलेल्या कोट्यात भागवायचे असल्याने ठिबकला खरा अर्थ आला. पुढे अख्ख्या प्रकल्पाचे पाणी वाटण्याची जबाबदारी लाभधारकांच्या संस्थेकडे आली. सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा राज्याचा कायदा २००५ चा. वाघाडची सुरुवात त्याच्या कितीतरी आधीची.

उद्याचे तंत्रज्ञान सर्वाधिक उपयोगी पडेल ते पाणी मोजण्याच्या याच कामात. पाऊस कमी झाला की नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून दरवेळी वाद पेटतो. कालव्यांवर स्वयंचलित मापक बसवून, उपग्रहाच्या मदतीने पिकांखालचे क्षेत्र तपासून ते आकडे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांपुढे खुले ठेवता येतील. खर्चाचा पहिला रुपया नव्या जलवाहिनीआधी या मोजणीवर पडायला हवा.