उसनी चित्रकथा आणि चोरलेली चित्रकथा

डिचोली तालुक्यातील आमोणे येथील वेताळ हा ग्रामरक्षक देव होय. रात्री गावाभोवती फेरी घालताना वेताळाच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा असल्याने गोव्या-कोकणात त्याला वहाणा अर्पण करण्याची चाल आहे. दुसरा एक वेताळ मराठी मुलांना चित्रकथांतून भेटला. ली फॉक यांनी 1936 साली निर्मिलेला हा अरण्यवीर 1964 साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ या मालेतून आपल्याकडे आला. ती माला 1990 साली बंद पडली. आज असे जुने अंक, आणि बाजारात विक्रीस असलेल्या नव्या चित्रकथाही, आंतरजालावरून फुकट उतरवून घेता येतात. हे घेणे कितपत न्याय्य आहे?

“आम्ही लहानपणी एकमेकांची पुस्तके वाचतच होतो, मग यात निराळे काय?” असे पुष्कळ सुज्ञही विचारतात. निराळेपण असे की, उसने दिलेले पुस्तक दहा घरी फिरले तरी प्रत एकच राहते. ते देणाऱ्याला काही दिवस त्याला मुकावे लागते. आंतरजालावर मात्र देणाऱ्याची प्रत त्याच्याजवळच राहून घेणाऱ्याजवळ नवी प्रत उत्पन्न होते. म्हणजे ही उसनवारी नसून मुद्रणच होय. विकत घेतलेली प्रत दुसऱ्यास देण्यास कायद्याची हरकत नाही; नव्या प्रती काढण्याचा अधिकार मात्र 1957 च्या कॉपीराइट कायद्याने कर्त्याकडे ठेवला आहे.

हा अधिकार अनंतकाळचा नाही. सामान्यतः लेखकाच्या निधनाचे वर्ष संपल्यापासून 60 वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी 1950 साली निवर्तले. त्यांचे ग्रंथ 2011 पासून कोणीही छापावेत. बा. भ. बोरकर 1984 साली गेले. त्यांच्या कवितेवरील हक्क 2044 अखेरपर्यंत चालेल.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. पेडण्याच्या एखाद्या गावातील मुलाला हवी ती मराठी चित्रकथा जवळपास मिळत नाही, आणि बंद पडलेल्या मालेचे अंक तर पैसे देऊनही मिळणे कठीण. अशा अंकांची नक्कल जपून ठेवणाऱ्यांनी एक ठेवा राखला, हे मान्य केले पाहिजे. तेथे कायदा बदलत नसला, तरी नैतिक दोष सौम्य होतो. मात्र ही सवलत विक्रीस असलेल्या पुस्तकाला लागू पडत नाही. चित्रकथेमागे कथालेखक, चित्रकार, अनुवादक आणि मुद्रक असे अनेक हात असतात. मराठीचा ग्राहकवर्ग आधीच मर्यादित. त्यातील थोडे जरी गळाले, तरी पुढचा अंक निघत नाही. “नाहीतरी मी विकत घेतलेच नसते” असे म्हणणाऱ्याने ते आवडीने वाचले असेल, तर त्याचे मोल त्याने स्वतःच कबूल केले आहे.

उपाय दोहों बाजूंनी हवेत. बालभारतीने 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आंतरजालावर विनामूल्य ठेवले. इतर हक्कधारकांनीही जुने अंक असे खुले करावेत, वा अल्प किमतीस द्यावेत. पणजीच्या 1832 पासूनच्या मध्यवर्ती ग्रंथालयाप्रमाणेच गावोगावच्या वाचनालयांनी चित्रकथांना कपाटात जागा द्यावी. वाचकाने मिळत असेल ते विकत वा उसने घ्यावे, खुले ठेवलेले निःसंकोच वाचावे, आणि दुर्मिळ म्हणून नक्कल घेतलीच, तर पुनर्मुद्रण निघताच ते विकत घ्यावे.

राखणदाराच्या झिजलेल्या वहाणांची आठवण ठेवणाऱ्या प्रदेशाला हा हिशेब नवा वाटू नये.