गुणांच्या पलीकडचा, तरी ऐकणारा

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याचा भुईकोट किल्ला 1727 मध्ये उभा राहिला. त्याच्या जवळजवळ एकशे चाळीस वर्षं आधी हा मुलूख फारुकी सुलतानांच्या खानदेशात होता आणि राजधानी होती तापीकाठचं बुऱ्हाणपूर. त्या बुऱ्हाणपुरात 1590 च्या सुमारास एका फार जुन्या कोड्याला दोन जणांनी हात घातला. एकानं दगडावर, संस्कृतात, आणि दुसऱ्यानं कागदावर, अरबीत. कोडं असं: देवाबद्दल बोलायचं तर शब्द आपलेच, माणसांच्या व्यवहारात घडलेले. तो बघतो, ऐकतो, दया करतो असं आपण म्हणतो. मग तो आपल्यासारखा आहे का?

आधी दगड पाहू. राजा अली खान फारुकीनं बांधलेल्या जामा मशिदीत अरबी लेख आहे, आणि त्याच्या जोडीला देवनागरीत कोरलेला संस्कृत लेखही आहे. सुरुवात सृष्टिकर्त्याला नमन करून होते. मग ईश्वराचं वर्णन: तो अव्यक्त आहे, सगळीकडे भरलेला आहे, नित्य आहे, गुणांच्या पार आहे, आणि जे डोळ्यांना दिसतं त्याचं कारणही तोच आहे. पुढे घराण्याची वंशावळ, आणि मग शके 1511, पौष महिना, तिथी, वार, नक्षत्र, सगळं पंचांगाप्रमाणे. मशिदीला ‘मसीति’ म्हटलं आहे आणि ती बांधली ती स्वधर्माच्या पालनासाठी, असं स्वच्छ सांगितलं आहे.

सुलतानानं संस्कृत लेख कोरवला याचं कौतुक होतं, ते व्हायलाच हवं. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती त्यातली शब्दांची निवड. हे गुण म्हणजे सत्त्व, रज, तम; घडलेल्या सृष्टीचे गुण. त्यांच्या पलीकडे ईश्वराला ठेवायचं आणि तरी त्याला निराकार शून्य होऊ द्यायचं नाही, ही कसरत इस्लामी धर्मचिंतनात तेव्हा आठ-नऊशे वर्षं चालू होती. पंडिताची भाषा आणि मशिदीची श्रद्धा इथे एकाच ओळीत उभ्या राहतात, आणि कुठेही सांधा दिसत नाही!

त्या कसरतीचं मूळ कुराणात आहे. 42 व्या सूरेतल्या 11 व्या आयतीत एका दमात दोन गोष्टी येतात: त्याच्यासारखं काहीही नाही, आणि तो ऐकणारा, पाहणारा आहे. पहिल्या गोष्टीनं दार लावलं, दुसरीनं लगेच उघडलं. आणि 76 व्या सूरेच्या दुसऱ्या आयतीत माणसाला घडवण्याविषयी सांगताना तेच दोन शब्द माणसासाठी येतात, समीअ आणि बसीर. देवही ऐकणारा-पाहणारा, माणूसही ऐकणारा-पाहणारा. हे पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवून वाचलं की अंगावर काटा येतो.

मग वाद होणारच. तर्काला प्रमाण मानणारे मुअतजिली पंडित म्हणाले, देवाचं ज्ञान, देवाचं सामर्थ्य अशा वेगळ्या अनादि वस्तू मानल्या तर एका देवाचे अनेक होतील. आणि ‘देवाचा हात’ म्हणजे फक्त त्याची सत्ता. अहमद इब्न हनबल यांची परंपरा म्हणाली, कुराणात हात म्हटलं आहे ना, मग हात. कसा ते विचारायचं नाही. दहाव्या शतकातल्या अबुल हसन अल-अशअरींच्या पंथानं जे सूत्र मांडलं ते मला विलक्षण वाटतं: गुण म्हणजे देव नव्हे, आणि देवाहून वेगळेही नव्हेत. तर्काला टेकायला जागा न ठेवणारं हे वाक्य त्यांनी पूर्ण जाणिवेनं पत्करलं. दोन्ही बाजूंना दरी होती: देवाला माणसासारखा केला तर मूर्ती होते, आणि सगळे गुण काढून घेतले तर प्रार्थना ऐकायला कुणी उरत नाही.

माणसाच्या बाजूनंही हेच कोडं येतं. देवानं आदमला ‘त्याच्या’ रूपावर निर्माण केलं, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ‘त्याच्या’ म्हणजे कुणाच्या? काही विद्वानांनी ते आदमकडेच वळवलं: तो पहिल्यापासून पूर्ण वाढलेला घडला, एवढाच अर्थ. काहींनी ते देवाकडे ठेवलं, पण कसं ते विचारू नका म्हणाले. धर्मचिंतक गझालींनी देवाच्या 99 नावांवर पुस्तक लिहिलं आणि प्रत्येक नावात माणसाचा वाटा किती, हे सांगितलं. दयाळू माणूस दया करतो ती त्याच्या मापानं. नाव सारखं, वस्तू सारखी नव्हे. आपल्याकडे पोराचं नाव नुसतं रहीम चालतं, पण रहमान हे नाव खास देवाचं, म्हणून रीतसर अब्दुल रहमान, रहमानचा बंदा, असं ठेवतात. एवढं मोठं धर्मशास्त्र घरोघरच्या बारशात मुरलेलं आहे.

आता कागद. जामा मशिदीत तो लेख कोरला गेला त्याच सुमारास मुहम्मद इब्न फजलुल्लाह बुऱ्हाणपुरी यांनी ‘अल-तुहफा अल-मुर्सला’ ही छोटीशी अरबी पुस्तिका लिहिली. सूफी विचारवंत इब्न अरबींच्या विचाराची ती सात पायऱ्यांची मांडणी आहे. पहिल्या पायरीवर शुद्ध अस्तित्व, जिथे नाव नाही, गुण नाही, बंधन नाही. पुढच्या दोन पायऱ्यांवर त्याचं स्वतःविषयीचं ज्ञान, आधी एकवट आणि मग गुणांच्या तपशिलासह. मग आत्म्यांचं जग, प्रतिमांचं जग, शरीरांचं जग. सातवी पायरी माणूस, ज्याच्यात वरच्या सगळ्या एकत्र येतात. मूळ अस्तित्वात मात्र कणभरही बदल होत नाही.

वाचणारा इथे सहज घसरेल, हे लेखकाला ठाऊक होतं. म्हणून त्यांनी बजावून ठेवलं की एका पायरीची नावं दुसरीला लावू नका. देवपणाची नावं सृष्टीला चिकटवणं म्हणजे थेट पाखंड.

भीती खरी ठरली, तीही हजारो मैल लांब. पुस्तिका समुद्र ओलांडून सुमात्रात पोचली आणि तिथल्या शमसुद्दीन पासाई यांनी सात पायऱ्यांचा विचार उचलला. 1637 मध्ये धर्मपंडित नूरुद्दीन रानीरी सुमात्रातल्या आचेला आले आणि पासाईंचे अनुयायी देव आणि सृष्टी एकच मानतात म्हणून पेटून उठले. पासाईंच्या पंथाची पुस्तकं जाळली गेली. हे रानीरी मूळचे रांदेरचे, म्हणजे सुरतेसमोर तापीच्याच काठावरचे. पारोळा तालुक्यातून वाहणारी बोरी अमळनेरवरून ज्या नदीला मिळते, त्याच नदीच्या वरच्या अंगाला ती पुस्तिका लिहिली गेली होती आणि मुखाशी तिच्या अनुयायांचा सर्वांत कडवा विरोधक जन्मला होता.

वाद मिटेना, तेव्हा जावी, म्हणजे त्या सगळ्या द्वीपसमूहातल्या, विद्यार्थ्यांनी मदिनेत विद्वान इब्राहीम अल-कुरानींना गाठलं. त्यांनी तुहफावर लांबलचक भाष्य लिहिलं आणि 42 व्या सूरेतल्या त्याच आयतीचे दोन्ही अर्धे एकत्रच वाचायचे, असा आग्रह धरला. जावात तर या पुस्तिकेचं जावानीज भाषेत पद्यरूपही झालं.