जननामांचा अभ्यास : 'गोंड गोवारी' या नामाच्या निमित्ताने

लोकसमूहांच्या नावांना प्रस्तुत लेखात 'जननाम' अशी संज्ञा योजिली आहे. समूह स्वतःस ज्या नावाने ओळखतो ते स्वनाम, आणि शेजारी किंवा राज्यकर्ते त्यास जे नाव देतात ते परनाम, हा भेद या अभ्यासाच्या मुळाशी आहे. परनामात बहुधा नाव देणाराचीच दृष्टी उमटते. रशियन भाषेत जर्मनांना 'नेमेत्स' म्हणतात. त्या शब्दाचा संबंध मुकेपणाशी जोडला जातो. ज्याची भाषा आपणास कळत नाही तो मुका, असा हा न्याय ! परनाम पुढे राजपत्रात छापले गेले म्हणजे काय होते, हे पाहण्यास मात्र रशियापर्यंत जाण्याचे कारण नाही. कन्हान नदीकाठच्या मौद्याच्या आसपासचा, नागपूर व भंडारा यांमधील प्रदेश त्यासाठी पुरेसा आहे.

प्रथम गोंड हेच नाव घेऊ. गोंडीभाषक स्वतःस 'कोइतूर' म्हणवितात. नागपुरास राहून संशोधन करणारे स्टीफन हिस्लॉप यांनी ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच नोंदविली होती. त्यांचे टिपण त्यांच्या निधनानंतर, १८६६ साली, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. 'गोंड' हा शब्द डोंगर या अर्थाच्या तेलुगू 'कोंड' शब्दावरून आला, ही व्युत्पत्ती प्रसिद्ध असली तरी सर्वमान्य नाही. ती खरी धरली तर 'डोंगरातले लोक' हे सपाटीवरच्या माणसाने दिलेले नाव ठरते.

आता महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतील अठरावी नोंद पाहावी. नोंदीच्या शिरोभागी 'गोंड' हे परनाम आहे. आणि 'कोइतर' व 'कोया' ही स्वनामे खाली, पोटनावांच्या रांगेत, जणू त्या गोंडांची एखादी शाखा असावी अशा रीतीने बसविली आहेत. त्याच रांगेत 'बायसनहॉर्न मारिया' आढळतात. नृत्याच्या वेळी गव्याची शिंगे मस्तकी धारण करणाऱ्या बस्तरच्या लोकांना इंग्रज निरीक्षकांनी दिलेले हे वर्णनात्मक नाव ग्रिग्सन यांच्या १९३८ च्या ग्रंथाने रूढ केले. ज्यांना ते दिले ते 'दंडामी मारिया' याच नोंदीत पुन्हा वेगळे आले आहेत. 'मोग्या', 'मोगिया', 'मोंघ्या' असे एकाच नावाचे उच्चारभेदही स्वतंत्रपणे नोंदविलेले दिसतात. ही यादी शास्त्रीय वर्गीकरण नव्हे. अनेक काळांतील, अनेक हातांनी टिपलेल्या नावांचा तो संचय आहे. तथापि कायद्याच्या दृष्टीने तिचे प्रत्येक अक्षर बंधनकारक आहे.

या रांगेतच 'गोंड गोवारी' हे नाव येते. गोवारी हा विदर्भातील गुरे राखणारा समाज. दिवाळीतील गायगोधनाचा त्याचा मान आजही गावोगाव पाळला जातो. रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात गोवाऱ्यांचे गायगोवारी, इंगा आणि मारिया अथवा गोंड गोवारी असे तीन भेद सांगितले असून, तिसऱ्याचा उगम गोवारी व गोंड यांच्या संबंधातून झाल्याचे म्हटले आहे.

व्याकरणाच्या अंगाने पाहता हा समास संदिग्ध आहे. 'गोंड असलेले गोवारी' असा कर्मधारय, 'गोंडांचे गोवारी' असा षष्ठी तत्पुरुष आणि 'गोंड व गोवारी' असा द्वंद्व, असे तिन्ही विग्रह संभवतात. दोन शब्दांमध्ये स्वल्पविराम हवा होता, तो छपाईत राहिला, हा गोवारी समाजाचा आग्रह म्हणजे तिसऱ्या विग्रहाचाच पुरस्कार होय. केवळ शब्दार्थाने विचार केल्यास हा विग्रह मला दुर्बळ वाटतो. कारण नोंदीच्या आरंभी 'गोंड' आलेच आहे, ते मध्येच पुन्हा येण्याचे प्रयोजन दिसत नाही. परंतु तेवढ्याने मूळ प्रश्न सुटत नाही. गोंड गोवारी नावाचा वेगळा समाज आज कोठे आहे, असे गोवारी विचारतात, आणि हा प्रश्न व्याकरणाचा नव्हे.

या प्रश्नासाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधानभवनाकडे निघालेल्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया व मुले पुष्कळ होती. पुढे १९९५ साली शासनाने गोवाऱ्यांना विशेष मागास प्रवर्गात घातले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी असा निर्णय दिला की, गोंड गोवारी ही स्वतंत्र जमात १९११ पूर्वीच लोप पावली होती, सबब नोंदीतील नाव गोवाऱ्यांचेच मानले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी तो फिरविला : गोवारी व गोंड गोवारी भिन्न आहेत, आणि यादी आहे तशीच वाचावयाची. हे दुसरे तत्त्व हलबा-कोष्टी प्रकरणात घटनापीठाने २००० सालीच घालून दिले होते. विणकाम करणाऱ्या हलबा-कोष्टींना 'हलबा' या नोंदीचा आधार तेव्हा नाकारला गेला. उलट, याच अठराव्या नोंदीतील 'माना' ही गोंडांची पोटशाखा नसून स्वतंत्र जमात आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केले. मान्यांचे नाव यादीत एकटे, विशेषणावाचून छापलेले आहे. गोवाऱ्यांच्या नावामागे एक शब्द अधिक आहे.

नाव असूनही ते लागू नसणे, हाही प्रकार येथे घडलेला आहे. १९७६ च्या दुरुस्ती अधिनियमापूर्वी विदर्भातील गोंडांचे अनुसूचित जमात म्हणून असलेले स्थान मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी व यवतमाळ या तहसिलींपुरतेच होते. मौद्याकडील गोंड त्या काळी समाजात गोंडच होता, कागदावर नव्हता. त्यामुळे जुन्या दाखल्यांवरून या भागातील समूहांचा इतिहास लिहू पाहणाराने प्रत्येक दाखल्याचे वर्ष आणि तहसील प्रथम पाहावी, आणि क्षेत्रकार्यात 'तुमची जात कोणती ?' एवढ्यावर न थांबता, घरात स्वतःस काय म्हणता, शेजारी काय म्हणतात आणि शाळेच्या दाखल्यावर काय लिहिले आहे, या तिन्ही उत्तरांची वेगवेगळी नोंद करावी.