विश्लेषण : ट्रम्प जिंकले, पण त्यांच्याच पक्षाचे उमेदवार का पडले? अमेरिकी मतदार पक्ष पाहतो की चेहरा?

अमेरिकेत ५ नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांनी कुंपणावरची सातही राज्ये जिंकली आणि कमला हॅरिस यांचा ३१२ विरुद्ध २२६ अशा प्रतिनिधी मतांनी पराभव केला. मात्र यांपैकी ॲरिझोना, नेवाडा, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांनी त्याच दिवशी सेनेटवर डेमोक्रॅटिक उमेदवार पाठवला. देश दोन पक्षांत कडेकोट विभागला गेल्याचे म्हटले जात असताना असे उलटसुलट कौल कसे लागले? आणि त्यातून ट्रम्प यांच्यानंतरच्या अमेरिकी राजकारणाविषयी काय कळते?

एकाच मतपत्रिकेवर दोन कौल कसे?

अमेरिकी मतदाराच्या हाती पडणारी मतपत्रिका लांबलचक असते. अध्यक्ष, सेनेटर, प्रतिनिधिगृहाचा सदस्य, राज्याचे विधिमंडळ आणि कुठे कुठे न्यायाधीशही एकाच दिवशी निवडले जातात. प्रत्येक पदासाठी वेगळी खूण करायची असल्याने एका पक्षाचा अध्यक्ष आणि दुसऱ्या पक्षाचा सेनेटर निवडता येतो. मिशिगनसारख्या काही राज्यांत एकच खूण करून एका पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत देण्याचीही सोय आहे. तरीही मिशिगनमध्ये ट्रम्प सुमारे ८० हजार मतांनी जिंकले आणि सेनेटची जागा डेमोक्रॅटिक एलिसा स्लॉटकिन यांनी १९ हजार मतांनी राखली. विस्कॉन्सिनमध्ये तर ट्रम्प यांची आघाडी २९ हजारांची आणि डेमोक्रॅटिक टॅमी बाल्डविन यांची आघाडीही जवळपास तेवढीच!

मतदारांनी खरेच पक्ष बदलला का?

वरवर पाहता हजारो मतदारांनी वर ट्रम्प आणि खाली डेमोक्रॅट अशी खूण केली असे वाटते. आकडे वेगळेच सांगतात. मिशिगनमध्ये स्लॉटकिन यांना हॅरिस यांच्यापेक्षा जास्त नव्हे, तर सुमारे २४ हजार मते कमी पडली. तरीही त्या जिंकल्या, कारण त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी माइक रॉजर्स यांना ट्रम्प यांच्यापेक्षा तब्बल १ लाख २३ हजार मते कमी मिळाली. नेवाडातही हेच घडले. डेमोक्रॅटिक जॅकी रोझेन यांची मते हॅरिस यांच्याहून थोडी कमीच होती. पण रिपब्लिकन सॅम ब्राऊन ट्रम्प यांच्या ७४ हजारांनी मागे राहिले. विस्कॉन्सिनमध्ये बाल्डविन यांना हॅरिस यांच्यापेक्षा जेमतेम साडेचार हजार मते अधिक मिळाली, तर रिपब्लिकन एरिक हॉव्डी ट्रम्प यांच्यापेक्षा ५३ हजारांनी घसरले.

बेरजेवरून एकेका मतदाराचे मन कळत नाही, काही जणांनी दोन्ही दिशांनी उड्या मारल्या असणारच. पण चित्र पुरेसे स्पष्ट आहे. या तीन राज्यांत डेमोक्रॅटिक उमेदवारांनी फार मते ओढून आणली नाहीत. ट्रम्प यांची सगळी मते त्यांच्या पक्षाकडे झिरपली नाहीत. कुणी ट्रम्प यांच्या नावापुढे खूण करून सेनेटचा रकाना कोरा सोडला, कुणी लहान पक्षांकडे वळले. नेवाडात १९७५ मध्ये कायदा झाल्यापासून आपल्या ‘नोटा’सारखा ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आहे. तिथे रोझेन यांच्या २४ हजारांच्या आघाडीपेक्षा या पर्यायाची मते अधिक भरली.

अपवाद ॲरिझोनाचा. तिथे डेमोक्रॅटिक रूबेन गॅयेगो यांनी हॅरिस यांच्यापेक्षा ९३ हजार मते अधिक घेतली आणि रिपब्लिकन केरी लेक ट्रम्प यांच्या १ लाख ७४ हजारांनी मागे पडल्या. इथे मात्र मतदारांनी उमेदवार पाहून पक्षाची रेषा ओलांडल्याचे दिसते.

पूर्वी असे किती घडायचे?

एके काळी हे सर्रास होते. १९७२ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी ४९ राज्ये जिंकली, तरी काँग्रेसची दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटिक पक्षाकडेच राहिली. १९८४ मध्ये रोनाल्ड रेगन यांनीही ४९ राज्ये आणि ५२५ प्रतिनिधी मते मिळवली. प्रतिनिधिगृह मात्र विरोधकांच्याच ताब्यात राहिले. लोकप्रिय नेत्याला लाखो मतदार पक्ष विसरून मत देत आणि खाली आपल्या ओळखीच्या स्थानिक उमेदवाराला निवडत.

२०१६ मध्ये सेनेटच्या प्रत्येक लढतीत राज्याने अध्यक्षपदासाठी निवडलेल्या पक्षाचाच उमेदवार जिंकला. सेनेटर थेट जनतेतून निवडले जाऊ लागल्यापासून असे प्रथमच घडले. २०२० मध्ये याला एकच अपवाद ठरला, मेन राज्याच्या रिपब्लिकन सेनेटर सुसान कॉलिन्स. त्यामुळे २०२४ मधील चार अपवाद उठून दिसतात.

दरी इतकी रुंद का झाली?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन्ही पक्षांत उदारमतवादी आणि सनातनी असे दोन्ही गट नांदत. डेमोक्रॅटिक पक्षात उत्तरेतील कामगार संघटना आणि दक्षिणेतील वर्णभेदाचे समर्थक एकत्र होते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर ही मोट सुटली. दक्षिणेतील गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे सरकले, कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटिक पक्षामागे एकवटले. पुढे गर्भपात, धर्म, बंदुकांची मालकी, स्थलांतर या प्रश्नांवर पक्ष वेगळे होत गेले. अलीकडे त्यात शिक्षणाची भर पडली आहे. पदवीधर आणि महानगरी मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडे, पदवी नसलेले आणि ग्रामीण मतदार रिपब्लिकन पक्षाकडे झुकले. कोळसा कामगारांचे वेस्ट व्हर्जिनिया राज्य १९८८ मध्ये पराभूत डेमोक्रॅटिक उमेदवारासोबत होते. २०२४ मध्ये तिथे ट्रम्प यांना सुमारे ७० टक्के मते मिळाली.

दुसरे कारण मानसिक आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक याला ‘नकारात्मक पक्षनिष्ठा’ म्हणतात. आपला पक्ष आवडतो म्हणून नव्हे, तर समोरचा पक्ष नकोच म्हणून मत दिले जाते. आपला उमेदवार पसंत नसला तरी मतदार घरचा रस्ता सोडत नाही. ३० मे २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या ज्युरींनी ट्रम्प यांना ३४ आरोपांत दोषी ठरवले, तरी त्यांचा मतदार हलला नाही. तीन निवडणुकांत त्यांना अनुक्रमे ४६.१, ४६.८ आणि ४९.८ टक्के मते मिळाली. १९८८ मध्ये थोरले जॉर्ज बुश ५३.४ टक्के मते घेऊन जिंकले. त्यानंतर एकाही उमेदवाराला तो आकडा गाठता आलेला नाही.

मग चेहऱ्याला किंमत उरली का?

उरली, किंबहुना वाढली. दोन्ही बाजू तुल्यबळ असल्या की थोडकी मतेही निकाल फिरवतात. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन मिळून सुमारे ७८ हजार मतांनी अध्यक्ष ठरला. २०२० मध्ये ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत जो बायडेन यांची एकत्रित आघाडी ४३ हजारांची होती.

उमेदवार फारच वादग्रस्त असेल तर पक्षनिष्ठाही तुटते. २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात ट्रम्प तीन टक्क्यांनी जिंकले, पण गव्हर्नरपदाचे रिपब्लिकन उमेदवार मार्क रॉबिन्सन जवळपास १५ टक्क्यांनी आपटले. जुन्या ऑनलाइन लिखाणाच्या आरोपांवरून ते वादात सापडले होते; आरोप त्यांनी फेटाळले होते. २०२२ मध्ये जॉर्जियात रिपब्लिकन गव्हर्नर ब्रायन केम्प सहज जिंकले, तर ट्रम्प यांचा पाठिंबा लाभलेले माजी फुटबॉलपटू हर्शेल वॉकर सेनेटची निवडणूक हरले.

ट्रम्प यांची स्वतःची ओढ मात्र रिपब्लिकन पक्षाच्या पारंपरिक मतदारांपलीकडे पोहोचते. टेक्सासच्या सीमेवरील स्टार परगण्यात बहुसंख्य मतदार लॅटिनो आहेत. १८९२ नंतर तिथे प्रथमच रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार जिंकला, तो २०२४ मध्ये.

सुरक्षित मतदारसंघांत काय होते?

प्रतिनिधिगृहाच्या ४३५ पैकी केवळ १६ मतदारसंघांनी २०२४ मध्ये अध्यक्षपदासाठी एका पक्षाला आणि सदस्यपदासाठी दुसऱ्या पक्षाला कौल दिला. उरलेल्या बहुतेक ठिकाणी दगड उभा केला तरी एकाच पक्षाचा निवडून यावा अशी स्थिती आहे. तिथे खरी लढत पक्षांतर्गत प्रायमरीत होते. बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार हे याचे उदाहरण. २०२२ मध्ये डेट्रॉइटमधील बहुरंगी डेमोक्रॅटिक प्रायमरी त्यांनी तीस टक्क्यांहून कमी मते घेऊन जिंकली आणि नोव्हेंबरमधील मुख्य निवडणूक त्यानंतर औपचारिकताच उरली. प्रायमरीत मोजके आणि कडवे मतदार उतरतात. त्यामुळे समोरच्या पक्षाशी जुळवून घेणाऱ्या सदस्याला स्वपक्षातूनच आव्हान मिळण्याची धास्ती असते.

चार जागांनी काय फरक पडला?

ट्रम्प यांनी जिंकलेल्या या चार राज्यांत त्यांचा पक्षही जिंकला असता, तर सेनेटमध्ये रिपब्लिकन सदस्य ५३ ऐवजी ५७ झाले असते. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांचे करकपात आणि खर्चकपातीचे महाकाय विधेयक सेनेटमध्ये आले, तेव्हा तीन रिपब्लिकन सदस्य विरोधात गेले. मते ५०-५० अशी पडली आणि उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या निर्णायक मताने ते निसटते मंजूर झाले. चार जागा जास्त असत्या तर पक्षातील नाराजांना फारसे कुणी विचारले नसते.

पुढचा प्रश्न रिपब्लिकन पक्षासाठी अधिक अवघड आहे. २०२६ च्या मध्यावधी निवडणुकीत मतपत्रिकेवर ट्रम्प यांचे नाव नाही आणि बाविसाव्या घटनादुरुस्तीनुसार कोणालाही तिसऱ्यांदा अध्यक्षपदी निवडून येता येत नाही. मिशिगनमध्ये रॉजर्स यांच्यापर्यंत न पोहोचलेली ती सव्वा लाख मते पक्षाची नव्हती, एका माणसाची होती. डेमोक्रॅटिक पक्षालाही निर्धास्त राहता येणार नाही, कारण त्याच्या तीन सेनेटरांचा विजय स्वतःची मते वाढल्यामुळे झालेला नाही.